सहा टाइल्स आणि एक कुलूप

कसबा पेठ, पुणे
७ ऑक्टोबर २०२५

प्रिय विमल,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तू डब्यात जपून ठेवलं आहेस. जे सांगायचं आहे ते ओरडून सांगितलं, तर तुझ्याआधी आमच्या आळीला कळेल. म्हणून हे पाकीट. खडकीच्या त्या कंपनीत सव्वीस वर्षं आपण शेजारी बसून औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरल्या, तेव्हा तुझ्यापासून काही लपवलं नाही, तर आता काय लपवू?

आमच्या आळीच्या तोंडाशी बायकांची मुतारी आहे, ती तू पाहिली आहेस. मी आणि फुलवाल्या गोदाबाईंनी अकरा वर्षं अर्ज केले तेव्हा ती झाली. तिच्यासमोरच्या ओट्यावर माझं फॉल-पिकोचं मशीन. घर तीन जिने वर आणि माझे गुडघे हे असे. गोदाबाई फुलं घेऊन गावाहून येतात, मैना सुकट-बोंबलाची गाडी लावते, अशा आम्हा पंधरा बायकांची दिवसभराची सोय तेवढीच. त्यातून माझं मुतखड्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले होते, पाणी प्या आणि जाऊन या, एवढं केलंत तरी पुष्कळ.

आता गंमत अशी की आत बायका आणि बाहेरच्या भिंतीवर पुरुष. त्यांच्यासाठी चाळीस पावलांवर वेगळी आहे, पण चाळीस पावलं चालायची म्हणजे केवढे कष्ट! ‘येथे लघवी करू नये’ असं लिहिलं, तर नेमकी त्या अक्षरांवर. ‘करणाऱ्याचा फोटो काढला जाईल’ असं लिहिलं, तर एकाने मला येऊन विचारलं, कुठून काढणार? शेवटी मी देवांच्या टाइल्स आणल्या. जिन्यांच्या कोपऱ्यांत लोकांनी थुंकू नये म्हणून लावतात ना, त्या. दुकानदाराकडे सुट्या नव्हत्या, सर्वधर्म संच होता. गणपती, देवी, साईबाबा, मक्का, क्रूस आणि बुद्ध.

उत्तरेश्वर गवंड्याला रविवारी दुपारी बोलावलं. सर्वपित्री अमावस्या होती. भज्या-वड्यांचं जेवून एक ते चार अख्खी आळी आडवी. तीन वाजता काम उरकून तो गेला. चारला आळी उठली, आळीतल्या यमुनाबाई बाहेर आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. म्हणाल्या, “बारा वाजता मी स्वतः इथून गेले, कोरी भिंत होती. उद्या घट बसायचे आणि आज देवी आपणहून आली!”

मी तोंड उघडणार होते. पण तोवर पंचवीस जणांनी हात जोडले होते, म्हणून मीही जोडले. नखांत सिमेंट होतं.

मग हळद-कुंकू आलं, घंटा आली, मांडव आला, आणि मांडव आला म्हटल्यावर यमुनाबाईंचा मुलगा अवधूत आला. हा गेली आठ वर्षं आमचा भावी नगरसेवक आहे. पालिकेची निवडणूक काही होत नाही आणि याचं भावीपण काही संपत नाही. फ्लेक्सवर लिहिलंय, ‘राजकारणात नीती, आळीत संस्कृती’. दसऱ्याला त्याने भाषण केलं, की जिथे देव प्रकटले त्या भिंतीमागे हे असलं चालणं हा आपल्या मूल्यांचा अपमान आहे. टाळ्या पडल्या. आणि त्याने मुतारीला कुलूप घातलं, विमल. कचेरीत तक्रार घेऊन गेले, तर साहेब म्हणाले, लोकभावना आहे, थोडे दिवस थांबा. मी म्हटलं, अहो, हे थांबायचं काम आहे का?

गोदाबाई बसने स्वारगेटच्या स्थानकावर जाऊन येतात. “देवीनं आमचीच गंमत केली हाय,” म्हणतात. मी सकाळपासून पाणी पीत नाही. परवा पाठीत कळ आली.

कुणाला बोलू नकोस. आणि काय करू ते सांग.

तुझी
चंपा


खडकी
१६ ऑक्टोबर

चंपे, जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा चिडले, आणि चिडले ते आधी लिहिते.

माझ्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. घरातले देव टोपलीत भरून ते स्वतः नदीवर गेले होते. माणसाने माणसासारखं वागावं, बाकी हात जोडत बसू नये, हे ऐकत मी मोठी झाले. आणि माझी मैत्रीण बुद्धाला काय काम देते? मुतणाऱ्यांवर पहारा! संच होता म्हणतेस. अगं, संचातली एक टाइल घरी ठेवता येत नव्हती का? चहाचं भांडं ठेवायला तरी झाली असती. नको, ते तर आणखीच वाईट.

आता उपाय. उपाय एकच आहे, आणि तो तुलाही ठाऊक आहे म्हणून तू मला विचारतेस. उठायचं आणि सांगायचं, टाइल्स मी लावल्या, या कारणाने लावल्या, कुलूप काढा. खोटं बोलणार नाही, हे आमचं चौथं शील आहे. तुमच्याकडे त्याचा नंबर कितवा ते मला माहीत नाही, पण असेलच कुठेतरी. तू खोटं बोलली नाहीस हे मला मान्य आहे, तू फक्त हात जोडलेस. पण त्या जोडलेल्या हातांच्या जोरावरच आता ते कुलूप लागलं आहे.

लोक काय म्हणतील याची भीती वाटते ना तुला? कंपनीत सुपरवायझरने मधल्या सुटीशिवाय जायचं नाही असा नियम काढला, तेव्हा त्याच्या टेबलासमोर जाऊन पहिली कोण उभी राहिली होती? तेव्हाही तू घाबरली होतीस, मला सांगितलं होतंस. पण उभी राहिलीस.

पाणी पी. घरी जाऊन पी, जिने चढ, पण पी. तुझं गुपित माझ्यापाशीच आहे, काळजी नसावी.

विमल


कसबा पेठ
२७ ऑक्टोबर

विमलाबाई,

‘विमलाबाई’ का लिहिलं ते पुढे कळेल.

पाडव्याच्या दिवशी सकाळी खडकीहून दहा तरुण आले. पांढरे सदरे, अगदी सभ्य. पुढारी रोहन नावाचा मुलगा. तो म्हणाला, “आमच्या विहारात कळलं की इथं स्वच्छतागृहाच्या भिंतीवर बुद्धांची टाइल बसवली आहे. हा अपमान आहे. आम्ही ती सन्मानाने काढून नेणार.” आता हे खडकीच्या विहारात कुणी कळवलं असेल बरं? मी विचार केला. खडकीत मी एकाच बाईला ओळखते.

पण राग त्याचा नाही. मला उलट आशा वाटली. एक टाइल निघाली की बाकीच्या पाचांचा धीर सुटेल, असं वाटलं. मी मशीन थांबवून बघत बसले. तेवढ्यात अवधूत आला. त्याने त्या पोरांना हात जोडले, हार घातले, पेढे दिले, आणि रोहनच्या हातात माइक दिला. मग स्वतः म्हणाला, “हीच आपली परंपरा! सगळे धर्म एका भिंतीवर! म्हणूनच हे स्थान पवित्र राहिलं पाहिजे, आणि म्हणूनच मागची ती वास्तू हटली पाहिजे!” पोरं गोंधळली. रोहनला टाइल काढायची होती, ती राहिली. त्याने जाताना एवढंच म्हटलं, की काका, तुम्ही म्हणता ते बरोबर वाटतंय, पण आम्ही यासाठी आलो नव्हतो. फोटो मात्र छापून आला. आता भिंतीला नाव मिळालंय, ‘सर्वधर्म जागृत देवस्थान’. आधी मुतारीच्या विरोधात एक धर्म होता, आता चार झाले. फार उपकार झाले तुझे.

त्रिपुरी पौर्णिमेला महाआरती आहे. त्याच दिवशी मुतारी पाडायचा अर्ज सह्यांनिशी कचेरीत जायचा आहे. तिथे संस्कारकेंद्र उभं राहणार, मुलांना मूल्यं शिकवायला. मुलांच्या आयांनी जायचं कुठे, ते बहुतेक दुसऱ्या इयत्तेत शिकवतील.

मी सांगितलं तर काय होईल ठाऊक आहे का तुला? भावना दुखावल्या म्हणून गुन्हा दाखल होतो आता. आणि गुन्ह्याचं सोड. महिनाभर ज्या बायका माझ्या शेजारी बसून आरती म्हणतायत, त्यांच्या डोळ्यांत कसं बघू? मैनाने नवस बोललाय त्या देवीला. मी आणलेल्या टाइलला, विमल! तिच्यासमोर मी कुठल्या तोंडाने उभी राहू? तू खडकीत बसून शीलं मोजतेस.

काल लघवीला रक्त गेलं. डॉक्टरकडे जाऊन आले, तो परत तेच म्हणाला.

चंपा


खडकी
३० ऑक्टोबर

चंपे,

मीच बोलले. रविवारची वंदना होती, विहारात सगळ्या बायका बसल्या होत्या, आणि तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. एवढी मजेची गोष्ट पोटात राहीना. हसवायला म्हणून सांगितली, तुझं नाव घेतलं नाही, ‘कसब्यातली एक बाई’ म्हटलं. हसल्या सगळ्या. रोहनची आई तेवढी हसली नाही.

आणि तुला जे लिहिलं की गुपित माझ्यापाशीच आहे, ते त्यानंतर चार दिवसांनी लिहिलं. चौथ्या शीलाच्या ओळीखाली चार ओळी सोडून. मला लाज वाटते. आणखी काय लिहू?

पण म्हणून माझा सल्ला खोटा ठरत नाही. रक्त जातंय तुझं. ती भिंत पवित्र राहावी म्हणून तू मरणार आहेस का? मरून तरी काय होईल, अवधूत तुझा फोटो सातव्या टाइलवर छापून घेईल.

पौर्णिमेला मी येते. मला ऐकू येत नसलं तरी उभं राहता येतं. मागे कुठेतरी असेन, मला शोधू नकोस, मला पाहिलंस की तू रडशील. फक्त खरं ते सांग. लोकांना आपण समजतो तितकं खोटं आवडत नाही, हे मी सत्तर वर्षांच्या अनुभवाने सांगते.

विमल


खडकी
६ नोव्हेंबर

माझी चंपा,

मी पाहिलं! सगळं पाहिलं!

पुढे फार गर्दी होती म्हणून फुलांच्या दुकानापाशी उभी होते. शब्द एकही कळला नाही, पण तू माइक हातात घेतलास, उत्तरेश्वर गवंडी तुझ्या बाजूला येऊन उभा राहिला, तू भिंतीकडे बोट दाखवलंस, मग स्वतःकडे दाखवलंस. सगळे गप्प झाले, हे मला बहिरीलासुद्धा कळलं. मला वाटलं आता दगड येतो. आणि मग ती म्हातारी पुढे आली, अवधूतची आईच ना ती? आणि तुझ्या पायांवर डोकं ठेवलं! तिच्यामागे रांग लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शेजारच्या माणसाने मला पेढा दिला.

बघ, मी म्हणत होते. माणसं चांगली असतात, त्यांना खरं सांगणारं कुणी भेटत नाही एवढंच. मला शेवटची बस पकडायची होती म्हणून तुला न भेटता निघाले. घरी येऊन अभिनवला सांगितलं, “तुझ्या आईच्या मैत्रिणीने आज एका आळीला शहाणं केलं.” तो म्हणाला, “आई, सीरियसली?” मी म्हटलं, सीरियसली.

कुलूप निघालं ना? ते तेवढं कळव.

विमल


कसबा पेठ
१० नोव्हेंबर

प्रिय विमल,

कुलूप निघालं. बाकी तू जे पाहिलंस ते तसं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. दुकानाचं नाव सांगितलं, बिल दाखवलं. उत्तरेश्वर म्हणाला, “व्हय, म्याच लावल्या. सिमेंट कमी पडलं म्हणून देवीची टाइल जरा तिरकी हाय.” लोकांनी वळून टाइलकडे पाहिलं. तिरकी होती. मग यमुनाबाई उठल्या. मला वाटलं, आता या माझ्या कानाखाली काढणार. तर त्या म्हणाल्या, “चंपाबाई, आळीत एवढी माणसं असताना देवीनं तुमचाच हात का धरला?”

याला काय उत्तर द्यायचं गं? मी माइकवरून स्पष्ट म्हणाले, “कारण पुरुष तिथे मुतत होते!” तर लोक गहिवरले. कुणीतरी म्हणालं, किती साधेपणा! अमावस्येलाच का आणल्या, सहाच का आणल्या, सगळे झोपले असतानाच का लावल्या, याची एकेक उत्तरं लोकांनीच काढली. दुपारी लावल्या कारण तुम्ही झोपला होता, असं मी म्हटलं, तर एक आजोबा म्हणाले, “बरोबर. आपण अज्ञानाच्या झोपेत होतो.” त्यांनी उत्तरेश्वरलाही हार घातला. तो बिचारा हार घालूनच बसने घरी गेला.

मी खरं सांगितलं आणि त्यांनी मला माई केलं. चंपामाई. पायांवर डोकी टेकत होती, ती डोकी कुणाची? ज्यांनी साडीचं फॉल-पिको करून घेताना माझ्याशी वीस वर्षं घासाघीस केली त्यांची!

आणि मग मी एक गोष्ट केली. समोर कुलूप दिसत होतं, बाजूला अवधूत पाडायचा अर्ज हातात घेऊन उभा होता, आणि पाठीत कळ येत होती. मी डोळे मिटले, आवाज जरा खाली घेतला आणि म्हणाले, “देवी म्हणते, कुलूप काढा. माझ्या लेकींची आबाळ झालेली मला चालणार नाही.”

अकरा वर्षं अर्ज केले होते, विमल. देवीचं काम दहा मिनिटांत झालं. अवधूतने स्वतः किल्ली आणली, दाराशी नारळ फोडला, आणि तोच म्हणाला की ही तर मातृशक्तीची सेवा. अर्जाच्या कागदात प्रसाद बांधून दिला. पहिल्या गोदाबाई गेल्या आत. बाहेर येऊन त्या मला नमस्कार करत नव्हत्या, नुसत्या रडत होत्या.

खरं सांगू का? मजा आली. लिहिताना लाज वाटते, पण आली. तुझं शील आणि माझी मुतारी, यांतलं एकच वाचणार होतं. मी पाणी पिते आहे. दिवसाला तीन लिटर.

चंपा


खडकी
३ डिसेंबर

चंपे,

तीन आठवडे लिहिलं नाही. दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात तुला फार बोलले होते, दुसऱ्यात फार माफ केलं होतं.

काल नात पूर्णिमाने मोबाइलवर तुझा व्हिडिओ दाखवला. तू खुर्चीवर, गळ्यात झेंडू, हात वर. खाली लिहिलं होतं, ‘चंपामाईंचा आशीर्वाद, अवधूतभाऊंना’. पूर्णिमा म्हणाली, “आजी, ही तुझी फ्रेंड ना? हिचे चाळीस हजार व्ह्यूज आहेत.” तू खरंच दिलास का आशीर्वाद? की तुझा हात पंखा बंद करायला वर गेला होता आणि त्यांनी तेवढ्यात फोटो काढला? मला हेच खरं वाटायला हवंय.

मी तुला खोटेपणाबद्दल बोलणार नाही. तो हक्क मी विहारात हसवून घालवला. मुतारी उघडली याचा मला आनंद आहे, तेही लपवत नाही. पण चंपे, देवी एकदा बोलली की ती बोलतच राहते. आज तिने कुलूप काढायला सांगितलं, ते बायकांच्या भल्याचं होतं. ते भल्याचं होतं हे ठरवलं कुणी? तू. उद्या तो अवधूत ठरवील आणि तोंड तुझंच असेल. आमच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर येऊ द्यायचं नाही, हेही कधीतरी कुठल्यातरी देवानेच कुणाच्यातरी तोंडून सांगितलं होतं. त्या तोंडालाही तेव्हा मजाच आली असेल.

कठोर वाटेल. वाटू दे. तू माझ्यासाठी चंपा आहेस, माईची मला गरज नाही.

खाली उतर त्या खुर्चीवरून. कसं उतरायचं ते मला विचारू नकोस. माझे सल्ले कसे निघतात ते आपण पाहिलंच.

विमल


कसबा पेठ
१४ डिसेंबर

प्रिय विमल,

मुतारी उघडी आहे. आधी हे लिहिते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आणि माई गेली. आता रीतसर सांगते.

हात आशीर्वादाचाच होता. पंख्याचा नव्हता. एक मुलगी बारावीची परीक्षा म्हणून पाया पडली, तिच्यासाठी वर केला होता, पण केला होता. तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तरीही खुर्चीवर बसत होते, कारण उठले तर कुलूप परत येईल ही भीती होती.

बुधवारी अवधूत आला. चपला दूर काढून, हात जोडून. म्हणाला, “माई, उद्या मार्गशीर्षातला गुरुवार. आरतीनंतर देवीनं एवढंच म्हणावं, की माझ्या दाराशी मासळीचा वास मला सोसत नाही. बाकी माझी पोरं बघतील.” म्हणजे मैनाची गाडी. नवरा गेल्यापासून तिच्या घरात दुसरा पैसा येत नाही. मी म्हटलं, “आणि देवी नाही म्हणाली तर?” तो हसला. म्हणाला, “माई, देवी नाही कशी म्हणेल? आणि ते कुलूप अजून माझ्या गाडीतच आहे.” अतिशय नम्रपणे म्हणाला. चपला घालताना पुन्हा एकदा वाकला.

तू बरोबर लिहिलं होतंस. तुझं पत्र येऊन आठवडाही झाला नव्हता.

रात्रभर विचार केला. खरं सांगून बघितलं होतं, लोक त्यावर हळद-कुंकू वाहतात. देवीच्या नावाने नाही म्हणावं, तर मी कायमची देवी. विचार करून डोकं दुखलं, पण सुचलं काही नाही.

गुरुवारी चारशे माणसं. आरती झाली, त्याने माइक माझ्या हातात दिला. मैना गर्दीच्या कडेला उभी होती. तिला कुणीतरी कुणकुण दिली असावी, कारण गाडी आधीच बांधून ठेवली होती आणि हातात नुसता जेवणाचा डबा होता. ती माझ्याकडे बघत होती. हात जोडून बघत होती, विमल. मी तिच्या पोटावर पाय देणार हे तिला ठाऊक होतं आणि तरी तिने हात जोडले होते, कारण मी माई.

मी माइक खुर्चीवर ठेवला आणि खाली उतरले. लोकांनी वाट दिली. तिच्यापाशी गेले आणि म्हटलं, “मैना, डबा उघड.” तिने उघडला. बाजरीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, वर लसूण. मी तिथेच रस्त्यावर मांडी घातली आणि जेवले.

तुला माहीत आहे, चाळीस वर्षं मी मार्गशीर्ष पाळलाय. ऑपरेशनच्या वर्षीसुद्धा मोडला नाही. पहिला घास तोंडात नुसता फिरत होता, गिळवेना. माझा देव भिंतीवरचा नाही गं, तो घरी आहे, पितळेचा, माझ्या आईने दिलेला. त्याची मनातल्या मनात माफी मागितली आणि गिळला. दुसऱ्या घासाला चव लागली. एक शब्द बोलले नाही, तोंड भरलेलं होतं.

आणि जे बिल दाखवून झालं नाही, गवंडी उभा करून झालं नाही, ते अर्ध्या भाकरीत झालं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. ते अज्ञानाच्या झोपेवाले आजोबा ओरडले, “बाटवलंन सगळं!” कुणीतरी माझा फोटो मांडवातून काढला. कालपर्यंत ज्यांनी पाय धुऊन प्यायला कमी केलं नव्हतं, त्यांतल्या एकीने माझ्याकडे टाकलेला परकर परत मागितला, पिको अर्धाच झालेला असताना. मैना तेवढी बाजूला बसून राहिली. तिने डब्यातला कांदा फोडून माझ्या हातावर ठेवला.

अवधूतचं तोंड असं झालं होतं की मला त्याची कीव आली. पण तो पुढारी आहे, लगेच सावरला. माइक उचलून म्हणाला, “या स्थानाचं पावित्र्य भंगलं आहे! शुद्धीकरण होईपर्यंत ही वास्तू बंद!” आणि गाडीतून कुलूप घेऊन निघाला. आम्ही पंधराजणी दाराकडे धावलो, पण त्याची पोरं मधे आडवी झाली. त्याने कडी ओढली, आणि आतून आवाज आला.

“अवधूत, थांब. मी आत आहे.”

यमुनाबाई. सकाळपासून त्या भिंतीपाशी बसतात, घर त्यांचंही तिसऱ्या मजल्यावर, आणि साखरेचा आजार दहा वर्षांचा. कुलूप निघाल्यापासून त्या किती वेळा आत जातात ते मी समोरून रोज बघते. तो म्हणाला, “आई, आवर आणि बाहेर ये.” त्या म्हणाल्या, “नाही येत.” तो म्हणाला, “किती वेळ लागेल?” त्या म्हणाल्या, “तू कुलूप लावायचं म्हणतोयस तोवर.”

पाच मिनिटं गेली, अर्धा तास गेला. चारशे माणसं भिंतीवरचे सहा देव सोडून त्या दाराकडे बघत उभी. गोदाबाईंनी दाराच्या वरच्या फटीतून पाण्याची बाटली आत दिली. कुणाच्या तरी फोनवरून बातमी गेली असणार, कारण कॅमेरा घेऊन दोन पेपरवाले आले. अवधूतला घाम फुटला. त्याने दाराला तोंड लावलं आणि आवाज अगदी बारीक केला, तरी आम्हाला ऐकू आलं.

“आई, पाया पडतो, बाहेर ये. पेपरवाले आलेत. त्यांना काय सांगू?”

आतून म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, “सांग, देवी आत बसलीय.”

तुझी
चंपा